मौनी बाबा लिफ्टवर

मी कोराडीच्या वीज केंद्रात सुरक्षा विभागात आहे. लोकांना ‘हेल्मेट घाला’ सांगता सांगता माझं बोलणंच सूचनाफलकासारखं झालंय. म्हणूनच की काय, कॉलनीच्या नाटकात डायरेक्टरने मला मौनी बाबा केलं. वाक्य एकही नाही. रंगमंचाखालच्या लिफ्टवर ध्यान लावून बसायचं आणि धुरातून वर यायचं, बस.

पण मी गप्प बसणाऱ्यांतला नाही. तालमीत लिफ्ट पाहिली आणि लगेच नियम काढला. खाली उजेड कमी, खूण चुकू शकते. म्हणून लिफ्टवरच्या माणसाने मोठ्याने ‘तयार’ म्हटल्याशिवाय बटण दाबायचं नाही. बटणावर माझ्याच विभागातला सहकारी होता. त्याच्याकडून मी नियम घोकून घेतला.

प्रयोगाला वर भक्त हात जोडून उभे राहिले. थिएटर चिडीचूप झालं. खाली पद्मासनातून मी हात हलवला. बटणावरच्या सहकाऱ्याने नकारार्थी मान हलवली. मी ‘तयार’ असं पुटपुटलो.

“जोरानं बोला न साहेब, रूल तुमचाच आहे!”

वर धूर विरायला लागला होता. माझं डोकंच सरकलं.

“तयार आहो मी, दाब न गा लवकर!”

लिफ्ट एकदम सुरक्षित वर आली. समोर अख्खं थिएटर पोट धरून हसत होतं आणि मी डोळे मिटून ध्यानस्थ.

घरी परतताना स्कूटरवर मागे बसलेली बायको एवढंच म्हणाली, “तुमाले वाक्य काहून नव्हतं देल्लं, ते आज समजलं.”