धूर कामाला लावणाऱ्या काकू

दिल्लीत गाड्यांच्या धुराने हैराण झालेली माणसं हवी तितकी भेटतात, पण तो धूर फुकट जातोय म्हणून हळहळणारी बाई मी आजवर एकच पाहिली. त्या आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकू. नोएडाच्या सिग्नलला पुढच्या ट्रकने काळा लोट सोडला की रिक्षातली बाकीची माणसं नाकाला रुमाल लावत आणि काकू पदर सावरून पुढे वाकत. "केवढा जोर आहे बघ त्याच्यात," त्या मला म्हणत, "आणि हे लोक सोडून देताहेत." समोर कोणी तुपाचा डबा गटारात ओतत असावं, अशी कळकळ त्यांच्या आवाजात असे.

काहीही वाया गेलेलं काकूंना बघवत नसे. तांदळाचं धुवण तुळशीला, भाजीचं उकळलेलं पाणी कणकेत, एवढं पुष्कळ घरांत चालतं. काकूंच्या घरी इस्त्री बंद केल्यावर तिच्यात उरलेल्या उष्णतेवर काकांचे रुमाल होत. लिफ्ट खाली जाणारच आहे तर रिकामी का जावी, म्हणून त्या चौथ्या मजल्यावरून कचऱ्याची पिशवी तिच्यात एकटीच बसवून पाठवत. खाली वॉचमन ती उतरवून घ्यायला उभा असे. एकदा त्याच्याऐवजी सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. ते वर तक्रार करायला आले आणि पाऊण तासाने काकूंनी दिलेलं लोणचं घेऊन, लिफ्ट रिकामी वर यायला नको म्हणून कोणी वर येण्याची वाट बघत थांबले.

पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकून काकू केंद्र सरकारच्या एका खात्यात ड्रॉइंग सेक्शनला लागल्या आणि तिथूनच रिटायर झाल्या. त्यामुळे त्यांना जगातली कुठलीही वस्तू तीन बाजूंनी दिसे: समोरून, वरून आणि डावीकडून. शिंप्याकडे ब्लाउज टाकताना त्या मापं सांगत नसत, ड्रॉइंग देत. माझ्या आईने चकलीची कृती मागितली तेव्हा त्यांनी चकलीचा आडवा छेद काढून दिला, काट्यांच्या उंचीसह. पर्समध्ये कंगव्याच्या जागी स्टीलची पट्टी असे. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आल्या तेव्हा हॉलमधल्या चित्राकडे बघत म्हणाल्या, "डावीकडे चार मिलिमीटर उतरलंय." माझे वडील मोठे अधिकारी आहेत, त्यांच्यासमोर माणसं उभी राहतात. ते मुकाट्याने उठले आणि त्यांनी चित्र सरळ केलं.

मी फारसं बोलत नाही. इंग्रजी शाळेत शिकले, घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि तिन्हीकडे गप्पच राहायची सवय झाली. लोकांना हे अवघड वाटतं, काकूंना फार सोयीचं वाटलं. "हिला काही धरायला सांगितलं की नुसती धरते," त्यांनी आईला सांगितलं, "सल्ले देत नाही. सेक्शनमध्ये असं एकसुद्धा माणूस नव्हतं." तेव्हापासून मी त्यांची टॉर्च धरणारी झाले. टॉर्च धरायची ती त्यांच्या गाडीच्या इंजिनावर.

ती गाडी म्हणजे काकूंच्या आयुष्यातली एकमेव उधळपट्टी. दिल्लीतून बदली होऊन निघालेल्या एका दूतावासातल्या माणसाकडून घेतलेली, लाल रंगाची, दोन दारांची, दोनच सीटांची जपानी स्पोर्ट्स कार. काकू उंचीने बेताच्या, म्हणून सीटवर दोन उशा. खाली कॅनव्हासचे बूट, वर सुती साडी. संक्रांतीला दिल्लीतली मराठी मंडळी पानिपतला काला अंब इथल्या लढाईच्या स्मारकाला जातात, तेव्हा मंडळाची बस सकाळी निघे, काकू मागून निघत, आणि बस पोचेपर्यंत स्मारकाला वंदन करून, सतरंजी अंथरून तिळगूळ घेऊन बसलेल्या असत. काका बसमधून येत. "मला दोन्ही पाय जमिनीवर घेऊन मरायचंय," असं त्यांचं म्हणणं होतं.

एवढी चांगली गाडी, पण तीसुद्धा धूर फुकट फेकते, हे काकूंना सलत होतं. मग कुठेसं त्यांनी टर्बोबद्दल वाचलं. मला त्यांनी ते असं समजावलं: इंजिनाच्या चार भोकांतून धूर बाहेर पडतो. चार पाइपांनी तो एका तोंडाशी आणायचा. तिथे एक पंखा बसवायचा. धुराच्या जोराने पंखा फिरतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा ताजी हवा इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त ताकद. "म्हणजे गाडी स्वतःच्याच उच्छ्वासावर पळते," काकू म्हणाल्या. इस्त्रीनंतरच्या रुमालांचाच हा मोठा अवतार होता. पंखा मायापुरीच्या भंगार बाजारात मिळाला, कुठल्याशा डिझेल गाडीचा. प्रश्न चार पाइपांच्या जुडग्याचा होता, ज्याला मॅनिफोल्ड म्हणतात. या गाडीसाठी तो इथे मिळत नव्हता आणि परदेशातून मागवणं काकूंना अपमानाचं वाटलं. "चार पाइप जोडायचेत गं, विमान नाही बनवायचं."

घाईला कारण होतं. दिल्ली आणि आसपास पेट्रोलची गाडी पंधरा वर्षांची झाली की चालवता येत नाही, आणि हिला पुढच्या मार्चमध्ये पंधरा पूर्ण होत होती. त्याआधी ती नाशिकला काकूंच्या भाच्याकडे जायची हे ठरलेलं होतं. "जाऊ दे, तिथे चार वर्षं तरी पळेल," काकू म्हणायच्या. "पण जायच्या आधी एकदा तिने आपला धूर आपण वापरलेला मला बघायचाय. एकदाच." काकू सहसा कशाबद्दल दोनदा बोलत नसत. हे त्या मला उन्हाळ्यात तीनदा म्हणाल्या.

पाइपांना वळणं कशी द्यायची हे ठरवायला नमुना लागतो. लोक त्यासाठी प्लास्टिकचे पाइप वापरतात. काकू मे महिन्यात खाली ककडीवाल्याच्या ठेल्यापाशी उभ्या राहिल्या. दिल्लीची ककडी हातभर लांब, बोटभर जाड आणि हवी तशी वाकडी. बाकीच्या बायका सरळ निवडत होत्या.

"भैया, टेढ़ी वाली दिखाओ."

"माताजी, सीधी ले लो, ताज़ी है."

"सीधी मेरे काम की नहीं. इससे ज़्यादा टेढ़ी है?"

त्याने ठेल्याखालून फेकायला ठेवलेल्या काढून दिल्या. काकूंनी पट्टी काढून एकेकीची जाडी मोजली. मग बॉनेटखाली टूथपिकांनी जोडत चार ककड्यांचं जुडगं उभं राहिलं. स्टिअरिंगचा दांडा चुकवायचा, बॅटरी चुकवायची आणि चारही वाटा शक्यतो सारख्या लांबीच्या ठेवायच्या. दुपारपर्यंत ककडी मऊ पडायची, की त्या तिचं ड्रॉइंग उतरवून घेत आणि उद्यासाठी नवीन. कालची अर्थातच वाया जात नसे. त्या उन्हाळ्यात तिसऱ्या सिलिंडरचा पाइप मी मीठ-मसाला लावून किती वेळा खाल्ला याची गणती नाही.

ड्रॉइंग घेऊन आम्ही नोएडातल्या एका कारखान्यातल्या वेल्डिंग मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्री साठीचे, मेंदी लावलेल्या दाढीचे, कमी बोलणारे. त्यांनी कागद उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला. "मैडम, फट जाएगा," ते म्हणाले.

"कहाँ से?"

मिस्त्रींनी एक जोड दाखवला. काकूंनी तो पुन्हा काढला. पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसरा दाखवला. असं करत दसरा आला आणि मिस्त्रींना दाखवायला जागा उरली नाही. तेव्हा त्यांनी वाफेच्या पाइपलाइनचे जाड, वाकवलेले तुकडे घेऊन काम सुरू केलं. जोडकाम झाल्यावर काकूंनी चारही तोंडांना रबराची बुचं मारली, सायकलचा पंप लावला आणि हळदीकुंकवाच्या मसाल्याच्या दुधाच्या पातेल्यात पाणी भरून ते सगळं त्यात बुडवलं. सायकलचं पंक्चर बघतात तसं. एका कोपऱ्यातून बारीकसा बुडबुडा निघाला.

"मैडम, इसमें पानी थोड़े ही जाना है," मिस्त्री म्हणाले.

"हवा तो जानी है. देखो, हमारी मेहनत निकल रही है वहाँ से."

मिस्त्रींनी बुडबुड्याच्या जागी खडूने खूण केली. मग त्यांनी तो जोड कापला आणि पुन्हा भरला. दुसऱ्या खेपेला बुडबुडा आला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःहून आणखी एकदा पंप मारून बघितला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. गाडीत असे बदल करणारी मुलं दिल्लीत गल्लोगल्ली आहेत. ती काम करतात, बॉनेट लावतात आणि निघतात. काकूंनी मात्र जे केलं ते आयुष्यभर सरकारी फाइलवर सही केलेलं माणूसच करू शकतं. त्यांनी आरटीओकडे परवानगी मागितली. अर्ज, सोबत ड्रॉइंग तीन प्रतींत, समोरून, वरून आणि डावीकडून. मी बरोबर होते. खिडकीतल्या बाबूंनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला.

"मैडम, आधा शहर बिना पूछे करवा लेता है. आपने पूछा क्यों?"

"करवाना है, इसलिए पूछा."

"पूछेंगी तो 'ना' लिखना पड़ेगा."

"तो 'ना' लिखिए. मगर लिखिए."

बाबू वाईट नव्हते. आम्ही निघताना त्यांनी ड्रॉइंगची एक प्रत बाजूला ठेवून घेतली आणि म्हणाले, "बनाया बहुत सुंदर है." जानेवारीत उत्तर आलं. सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यासाठी असा बदल करता येणार नाही.

काका पेपर खाली ठेवून म्हणाले, "लावून टाक गं. पत्र मिळालंच नाही असं समज."

"मिळालंय. सही करून घेतलंय मी."

मलाही राहवलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी सल्ला दिला. "काकू, एकदाच तर. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," काकू म्हणाल्या. त्यांना राग आला नव्हता. पत्राची घडी पट्टीने नीट दाबत त्या बोलत होत्या. "सेक्शनमध्ये सगळी वर्षं मी ड्रॉइंगच्या खाली 'नियमाप्रमाणे' लिहून सही केलीये. लोक त्याच्यावर विसंबून भिंती बांधायचे." मग त्या आत गेल्या आणि दोन दिवस खाली गाडीकडे फिरकल्या नाहीत. मॅनिफोल्ड त्यांच्या डायनिंग टेबलावर वर्तमानपत्रावर पडून होता. काका त्याच्या बाजूने ताट सरकवून जेवत.

वाट काढली ती मिस्त्रींनी. त्यांचा कारखाना रविवारी बंद असे, आत गेटपासून गोदामापर्यंत सरळ पक्का रस्ता होता आणि मालकांना त्यांनी परस्परच विचारलं होतं. "प्राइवेट ज़मीन है मैडम. सड़क नहीं है." काकूंनी पत्र काढून 'सार्वजनिक रस्त्यावर' हे शब्द दोनदा वाचले. मग बाकीची जुळवाजुळव, तेलाच्या नळ्या, पेट्रोलचं प्रमाण, यात फेब्रुवारी गेला. आणि सगळं बसवल्यावर गाडी रस्त्याने कारखान्यापर्यंत चालवत न्यायची नव्हती, म्हणून क्रेन बोलावली. ती लाल स्पोर्ट्स कार क्रेनच्या मागे पुढची चाकं उचलून चालली होती आणि आत दोन उशांवर काकू ताठ बसून, गरज नसताना, वळणावर हात दाखवत होत्या.

कारखान्यात माझं काम होतं हवेचा दाब दाखवणारा, नव्याने बसवलेला काटा वाचायचं. इंजिन स्वतः हवा ओढतं तोवर काटा शून्याच्या खाली असतो; धुराने फिरणारा पंखा हवा ढकलू लागला की वर जातो. "मोठ्याने वाच," काकू म्हणाल्या, "मला ऐकू आलं पाहिजे." मला मोठ्याने काही बोलता येत नाही. गाडी गेटपासून निघाली. खाली, खाली, अजून खाली. मग इंजिनाच्या आवाजामागे कुणीतरी दातांतून शीळ घालावी तसा बारीक सूर सुरू झाला, पाठ सीटला टेकली, आणि मला माझाच ओरडा ऐकू आला, "वर आला, काकू, वर आला." गोदाम फार लवकर आलं. काकूंनी ब्रेक दाबला. पदराने डोळे पुसले, मग त्याच पदराने काट्यावरची काच पुसली.

आम्ही नऊ फेऱ्या मारल्या. एका फेरीला काका बसले, दोन्ही पाय गाडीत घेऊन. एका फेरीला मिस्त्री बसले. उतरल्यावर त्यांनी गुडघे टेकून एकेक जोड पाहिला आणि किंचित नाराजीने म्हणाले, "नहीं फटा."

घरी जाताना गाडी काकूंना स्वतः चालवत न्यायची होती, म्हणजे नियमाप्रमाणे जुना पाइप परत बसवूनच. पुढच्या आठवड्यात भाचा येणार होता. काकूंनी बॉनेट उघडलं, पाना हातात घेतला आणि वाट बघत एका खोक्यावर बसल्या, कारण तापलेला लोखंडाचा नट सोडवता येत नाही. इंजिन बंद होतं. गार होणारं लोखंड मधूनमधून टिकटिकत होतं. मिस्त्रींनी चहा आणला. काका गोदामाच्या भिंतीला टेकून डुलकी घेत होते. टिकटिक हळूहळू विरळ झाली आणि थांबली.

"बघ गं," काकू म्हणाल्या, "गार झालं का."

मी उठून पाइपवर हात ठेवला. पूर्ण तळवा टेकवला. तो देवघरातल्या न पेटवलेल्या समईपेक्षाही गार होता.

"अजून नाही," मी म्हणाले.

काकूंनी पाइपवर आरामात टेकलेल्या माझ्या हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाना खाली ठेवला.

"मग बसू थोडं," त्या म्हणाल्या.