आठव्या लेनचं घड्याळ

सुखदेवमामा रोज सकाळी उकळत्या पाण्यात चहापत्ती टाकली की खिशातलं स्टॉपवॉच दाबायचे. चार मिनिटं होईपर्यंत गाळणीला हात लावायचा नाही. नागपूरहून जर्मनीतल्या इंगोलश्टाटला येऊन त्यांना बावीस वर्षं झाली होती. आठवडाभर कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासायचे आणि रविवारी पोहण्याच्या स्पर्धांत घड्याळ लावून स्पर्धकांची वेळ नोंदवायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांना जर्मनीतल्याच एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत वेळ नोंदवायला बोलावलं, लेन आठवर. त्या लेनमध्ये पॅसिफिकमधल्या एका इवल्याशा बेटदेशाची मुलगी होती. तिच्या देशात पोहण्याचा तलावच नव्हता. धक्क्यापासून होडीपर्यंत दोर बांधून ती समुद्रात सराव करायची. धक्क्याला चिकटलेल्या शिंपल्यांनी हात कापतो, म्हणून ती शेवटी बोटं अलगद टेकवायची.

चारशे मीटरची शर्यत. बाकीच्या सातही जणी बाहेर आल्या, टॉवेल गुंडाळून निघून गेल्या. ती पोहतच होती. मामांच्या जोडीचा माणूस घड्याळ थांबवून पाणी प्यायला गेला. ती पोचली, भिंतीवरच्या, दाबली की वेळ नोंदवणाऱ्या पट्टीला सवयीने अलगद टेकली. पट्टीला ते कळलंच नाही. फलकावर तिच्या नावापुढे काही उमटलं नाही.

मामांच्या घड्याळात होतं: सहा मिनिटं, एकतीस सेकंद. तिच्या देशातल्या कोणत्याही मुलीच्या आजवरच्या वेळेपेक्षा कमी.

मुख्य पंच म्हणाला, ‘वेळ नाही’ असं लिहा, तशीही ती शेवटचीच आहे. नियमाप्रमाणे हातातलं एक घड्याळही चालतं, हे त्याला ठाऊक होतं. मामा खुर्चीवरून उठले नाहीत. पुढची शर्यत खोळंबली, लोक शिट्ट्या मारू लागले.

“आल्झो, हेर गजभिये, एका मुलीसाठी?” पंचाने मामांना विचारलं.

“हो, एकीसाठीच. वेळ लिहा, मग उठतो.”

अकरा मिनिटांनी वेळ लिहिली गेली.

मी तेव्हाही त्यांच्याकडेच राहायचे; घरी आल्यावर “क्षमा, ऐक,” म्हणत त्यांनी मला समोर बसवलं. म्हणाले, माझी आजी विहिरीपाशी अशीच थांबायची. तिने दोराला हात लावायचा नाही. सगळ्यांचं भरून झालं की लोक निघून जायचे, तिच्या घागरीत ओतायला कुणी उरायचं नाही.

त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. वेळापत्रकाला अडथळा आणल्याचं पत्र आलं, खाली जर्मन रिवाजाप्रमाणे ‘मैत्रीपूर्ण अभिवादन’. ते अभिवादन मला अजून गिळता येत नाही.

यंदा मार्चमध्ये, कामाच्या वाटेवर बसमध्ये, मामांचं हृदय बंद पडलं. त्या सकाळी, ते घरून निघण्याआधी, मला उशीर होत होता, मी गाळणी उचलली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

“क्षमा, अजून वीस सेकंद आहेत. थांब.”