नाव बदलले आहे

मधुरा चौथ्या स्लाइडवर आली तेव्हा सभागृहात मागे बसलेले नाना उठले. त्यांनी खुर्ची उचलून भिंतीला लावली, दाराशी चपला घातल्या आणि निघून गेले. आवाज चढवला नाही, कुणाकडे बघितलंही नाही. त्यांच्यामागून त्यांचे दोन धाकटे भाऊ गेले. बायकांच्या बाजूची कुजबुज थांबली. मधुराला काही कळलं नाही, ती पुढे वाचत राहिली. मला कळलं होतं. 

मी ठाण्यातल्या एका छोट्या संशोधन संस्थेत फील्ड कोऑर्डिनेटर आहे. परदेशी विद्यापीठांतले विद्यार्थी आमच्याकडे काही आठवडे काम शिकायला येतात. त्यांना गाव शोधून द्यायचं, लोकांशी ओळख करून द्यायची, त्यांचं लिखाण तपासायचं, हे माझं काम. मी स्वतः हाच विषय शिकलेय. वडील मोहन्याला कंपनीत कामगार होते. मी कल्याणच्या चाळीतून सरकारी स्कॉलरशिपवर ब्रिटनला गेलेले. इंटरनॅशनल डेव्हलपमेंट, अँथ्रोपॉलॉजी आणि पॉलिटिक्स असा तिन्हींचा मिळून एक कोर्स होता. सोप्या भाषेत सांगायचं तर पहिल्यात समाज पुढे का जातो किंवा मागे का राहतो ते शिकायचं, दुसऱ्यात माणसं कशी जगतात ते आणि तिसऱ्यात कुणाचं चालतं ते. आईला मी एवढंच सांगितलेलं की लोकांकडे जाऊन बसायचं आणि ऐकायचं. ती म्हणाली, "त्याला एवढ्या लांब कशाला जायचं?"

मधुरा डोंबिवलीची. वडील बँकेत, आई शाळेत. ती ब्रिटनमध्येच त्याच प्रकारच्या कोर्सच्या शेवटच्या वर्षाला होती. त्यांच्याकडे 'ओव्हरसीज प्लेसमेंट' सक्तीची असते, म्हणजे परक्या देशात राहून प्रत्यक्ष काम. विद्यापीठाच्या हिशेबाने डोंबिवली हा परका देश होता, त्यामुळे पोरगी घरी आली. हुशार होती आणि मन लावून ऐकायची. समोरचा बोलायचा थांबला तरी ती घाईने दुसरा प्रश्न टाकत नसे. हे शिकवून येत नाही.

तिचा विषय होता शीळफाट्याजवळच्या एका गावातल्या बहिणी. तिथे शेतांवर टॉवर आले, रस्ते रुंद झाले, जमिनींची किंमत वाढली. त्याबरोबर हक्कसोडपत्रंही वाढली. हक्कसोडपत्र म्हणजे बहीण लिहून देते की वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा मी भावांना सोडला. कायद्याने मुलीचा वाटा असतो. रिवाजाने ती तो सोडते. बदल्यात माहेरचं दार उघडं राहतं. असं कुठे लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना माहीत असतं.

लीलाबाई तिला मीच शोधून दिल्या. पन्नाशीच्या पुढच्या. माहेर आणि सासर एकाच गावात, मध्ये दोन गल्ल्या. तीन भावांची एकुलती बहीण. नवऱ्याला अर्धांगवायू झालेला. त्या फाट्यावर सुकी मासळी विकायच्या. नाना त्यांचे थोरले भाऊ. मधुरा त्यांच्या शेजारी पाटीमागे महिनाभर जाऊन बसली. पहिले काही दिवस लीलाबाई बोंबलांच्या भावाशिवाय काही बोलल्या नाहीत. एके दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा आपणहून बोलल्या. मीही तिथे होते.

"मना कोनी इचारलाच नाय," त्या म्हणाल्या. "दादानं नवी सारी दिली, गारीन बसवलं, कचेरीन नेलं. सही कुठं करायची ते दाखवलं. मी केली. मनान नव्हती करायची."

"मग बोलला का नाहीत?" मधुराने विचारलं.

"बोलले असते तर हलदीला, भाऊबीजेला कुठं गेले असते?" मग म्हणाल्या, "गावान एक जरी बहीन पयली उभी ऱ्हायली असती ना, तर दुसरी मी असते. हे मी कोनाला बोलले नाय. तुला बोलले, बाय."

मधुराने संमतीचा कागद काढला. त्यात लिहिलं होतं की तुमचं नाव कुठेही येणार नाही. मी तो वाचून दाखवला. लीलाबाईंनी सही केली. त्यांच्या आयुष्यातली ही दुसरी महत्त्वाची सही, आणि ही करायला त्यांना मी सांगितलेलं.

विद्यापीठाला एक रिस्क फॉर्मही द्यावा लागतो. आपल्या कामामुळे कुणाला त्रास होऊ शकतो का, याचं उत्तर त्यात भरायचं. लो, मीडियम, हाय असे तीन पर्याय असतात. मी 'लो' वर टिक केली. कारखान्याविरुद्ध काही नाही, पुढाऱ्याविरुद्ध काही नाही, चार बायकांचं घरगुती बोलणं. त्यात कसली रिस्क, असं मला वाटलं.

मधुराच्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात लीलाबाई जवळजवळ नव्हत्याच. 'एका महिलेने सांगितले की तिची संमती मनापासून नव्हती', एवढंच वाक्य. मी समासात लिहिलं, 'माणूस दिसत नाही. डिटेल घाल.' तिने घातले. मासळी, आजारी नवरा, तीन भाऊ, गाडी, साडी. वरती लिहिलं पुष्पा, आणि पुढे कंसात, 'नाव बदलले आहे'. परिच्छेद उत्तम झाला. मी तसं तिला सांगितलं.

मग फीडबॅक मीटिंग आली. पूर्वी संशोधक गावात यायचे, माहिती घ्यायचे आणि गायब व्हायचे. आता नियम आहे की जे सापडलं ते लोकांना त्यांच्या भाषेत परत सांगायचं. नियम चांगला आहे. त्याला मार्कही असतात. आम्ही गावातलं सभागृह घेतलं, चहा-बिस्किटं ठेवली, सत्तर-ऐंशी माणसं आली. मधुराने रात्रंदिवस बसून मराठी स्लाइड केल्या होत्या. चौथ्या स्लाइडवर पुष्पा होती. लीलाबाई सभेला आल्या नव्हत्या, नवऱ्याला सोडून येता येत नव्हतं. सभा संपेपर्यंत गल्लीतून त्यांच्यापर्यंत सगळं पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. त्या नवऱ्याला भरवत होत्या. वाटी खाली ठेवून त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. मधुरा रडायला लागली. लीलाबाई रडल्या नाहीत.

"नाव बदललंस ते बरं केलंस, बाय," त्या म्हणाल्या. "पन माझा नवरा नाय बदललास. मासली नाय बदललीस. भाव पन तीनच ठेवलंस."

मधुराने मान खाली घातली. मला तेव्हा सांगायला हवं होतं की हे डिटेल मी घालायला लावले. मी सांगितलं नाही. परत येताना रिक्षात सांगितलं, मधुराला. ती म्हणाली, "ताई, लिहिलं तर मीच ना."

ऑफिसात आमच्या संचालकांनी, त्यांना सगळे सर म्हणतात, शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या भावाला जाऊन सांगा, ही काल्पनिक बाई आहे. चार-पाच बायकांची मिळून एक केली. लोक करतात असं."

"पण केलेलं नाही, सर."

"तुम्हाला ते कुटुंब सांधायचंय की रिपोर्ट खरा ठेवायचाय?"

 त्यांचं अगदीच चूक होतं असं आजही म्हणवत नाही. पण मला वाटलं, हे ठरवणारे आपण कोण. एकदा न विचारता झालं, आता तरी विचारावं. मी एकटीच फाट्यावर गेले आणि लीलाबाईंना विचारलं, "नानांना सांगू का, की ती तुम्ही नव्हता? दुसऱ्या गावची कुणीतरी होती?"

त्यांनी हातातले सोडे पाटीत टाकले. मग म्हणाल्या, "तू तसं बोललीस तर मी बोलले ते खोटं व्हईल."

"पण माहेर राहील."

"राहील." पाटीवरच्या माश्या त्यांनी पुठ्ठ्याने हाकलल्या. "एकदा बोलले ना आता. राहू दे."

नानांकडे मी आणि मधुरा गेलो ते फक्त माफी मागायला. ओटीवर बसवलं, पाणी आलं. नाना काही गुंड नव्हते. लीलाबाईंच्या नवऱ्याला झटका आला तेव्हा हॉस्पिटलात यांनीच नेलेला, हे आम्हाला लीलाबाईंनीच सांगितलेलं. ते म्हणाले, "तिला कधी काय कमी पडू दिलं? मनात होतं तर मला बोलायचं. परक्या पोरीला बोलली. आणि तुमी ते पडद्यावर दाखवलंत, माझ्या गावाला."

मी म्हटलं, "चूक आमची आहे, नाना. त्यांची नाही."

"ती बोलली की नाय बोलली, एवढं सांगा."

मधुरा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "ते मी सांगू शकत नाही. त्यांनी काय सांगितलं ते बाहेर काढायचा मला हक्क नाही."

नाना म्हणाले, "आता आठवलं काय?" आणि आत निघून गेले.

मधुराच्या प्राध्यापिकेशी व्हिडिओ कॉल झाला. बाई सहृदय होत्या. त्यांनी एक इन्सिडेंट रिपोर्ट मागितला, मी लिहिला, 'लो' वर केलेल्या खुणेसकट. शेवटी त्या मधुराला म्हणाल्या की झालं ते वाईट झालं, पण यावर तू प्रामाणिकपणे लिहिलंस तर प्रबंधातलं सगळ्यात सशक्त प्रकरण होईल. मधुराने आभार मानले आणि लॅपटॉप बंद केला. मग मला म्हणाली, "म्हणजे त्यांच्यावर अजून एकदा लिहायचं."

तिने लिहिलं नाही. पुष्पाचा परिच्छेद काढला, त्या जागी काही घातलं नाही. प्रबंध पास झाला, बेताचाच. पुढे पीएचडी करायचा तिचा विचार होता, तो तिने सोडला. आता ती ठाण्यात एका कंपनीच्या एचआरमध्ये आहे. दिवाळीत मेसेज येतो. गावाबद्दल ती विचारत नाही.

त्या वर्षी नानांच्या मुलीचं लग्न झालं. हळदीला आत्याचा मान असतो. लीलाबाईंना बोलावणं गेलं नाही. धाकटी वहिनी दुपारी मागच्या दाराने येऊन लाडूंची पिशवी ठेवून गेली, तेही कुणाला सांगू नका म्हणून. हळदीच्या दिवशी मी मुद्दाम फाट्यावर गेलेले. गावातून बॅन्जो ऐकू येत होता. लीलाबाई नेहमीच्या जागी बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पुठ्ठा सरकवला, बसायला. मी बसले. मला काही विचारायचं नव्हतं. जवळ्याचं गिऱ्हाईक आलं, त्यांनी माप भरलं.

गावात त्यानंतर कुठली बहीण सहीला नाही म्हणाली का, असं मला कधी कधी विचारतात. माझ्या माहितीत तरी नाही. उलट, पूर्वी माझ्याशी दारात उभ्या राहून बोलणाऱ्या बायका आता काम आहे म्हणून आत जातात. त्या गावात मी पुन्हा विद्यार्थी नेला नाही. नेला असता तरी कुणी बोललं नसतं.

आता विद्यार्थी आले की मी त्यांना एक काम सक्तीने करायला लावते. ज्या माणसाबद्दल लिहिलं, त्याच्यासमोर बसून तो परिच्छेद त्याच्या भाषेत वाचायचा आणि विचारायचं, हे वाचून तुमचा शेजारी तुम्हाला ओळखेल का? ओळखेल म्हणाला तर तो भाग खोडायचा. मुलं कुरकुरतात. मागच्या महिन्यात एक जण म्हणाला, "मॅम, ऐसे तो कुछ बचेगा ही नहीं." त्याचं खरं आहे. बऱ्याचदा चांगलं तेवढंच जातं, रिपोर्ट सपक होतात आणि मार्क कमी पडतात. मी त्यांना सांगते, पडू देत.