बिडीच्या लेबलावरचा तुलाराम

तुलारामला ‘अरे’ म्हणणारं तिकडे तुमसरला कोणी आहे की नाही, ही काळजी सत्यभामाबाईंची पाठ सोडत नव्हती. भाजी चिरताना, वर्गात हजेरी घेताना मध्येच ती येऊन उभी राही. सगळे त्याला शेठ म्हणतात, हे त्यांना ठाऊक होतं. शेठला ‘जेवा’ म्हणणारे पुष्कळ असतात. पण ‘अरे, अजून काहून जेवला नाहीस?’ म्हणून डोळे वटारणारं एक तरी माणूस लागतं. छत्तीस वर्षांचा गडी, लग्न केलं नाही, गोदामावरच्या खोलीत राहतो.

आणि तरी लेकाचं तोंड त्यांना रोज दिसायचं. साकोलीच्या बसस्टँडवर एकही पानठेला असा नव्हता जिथे ‘तुलाराम बिडी’चे कट्टे रचलेले नव्हते. पंचवीस बिड्यांच्या प्रत्येक कट्ट्याच्या लेबलावर तो होता: लाल फेटा, झुपकेदार मिशी, नजर समोर. बिड्या संपल्या की लोक कागद फेकून देत. शाळेत जाताना वाटेत तो कागद दिसला की बाई पाऊल बाजूला टाकत. सोबतच्या शिक्षिका आधी हसायच्या, पुढे त्याही बाजूने चालू लागल्या.

एकाहत्तर साली भंडाऱ्याचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडून तुलाराम घरी आला, तेव्हा कृष्णराव सानगडीच्या शेतातून मुद्दाम साकोलीला आले होते. नोकरीमुळे बायको साकोलीत आणि धानामुळे नवरा सानगडीत, असा त्या दोघांचा संसार होता.

“तुही माय नागपूरची बीए,” कृष्णराव म्हणाले, “आन् तू बिड्या वळशीन?”

“वळणार नाही, बाबा. विकीन.”

“म्हणजे वळणाऱ्यापेक्षा एक पायरी खाली!”

तुलाराम हसला होता. बापाच्या टोमण्यावर हसायची त्याची ती एक पद्धत होती, खाली बघून. दुसऱ्याच दिवशी त्याने सायकलला पोतं बांधलं.

बिडीचा धंदा या भागाला नवा नव्हता. ठेकेदाराने तेंदूपान आणि तंबाखू द्यायचा, बायांनी घरी बसून बिड्या वळायच्या, सांजेला ठेकेदाराकडे नेऊन द्यायच्या. तिथे बसलेला माणूस खराब म्हणून मूठ-मूठ बिड्या छाटून बाजूला टाके. त्यांची मजुरी मिळत नसे, आणि त्या बिड्या मात्र मागच्या दाराने विकल्या जात. हे सगळ्यांना माहीत होतं. तुलाराम छाटलेल्या बिड्या बाईच्या डोळ्यांदेखत मोडून टाकी. एवढ्या एका गोष्टीवर बिड्या वळणारी सुमनबाई आपली अख्खी गल्ली घेऊन त्याच्याकडे आली. “हा पोरगा छाटते कमी आन् मोडते जास्त,” ती सांगत फिरायची, “पन मोडते आपल्या समोर!”

लेबलाची कल्पना त्याचीच. वाघ, घोडा, कमळ, सगळ्या छापा कोणी ना कोणी घेऊन ठेवलेल्या. त्याने भंडाऱ्याच्या एका स्टुडिओत फोटो काढला आणि नागपूरला छापायला दिला.

“स्वतःचं तोंड काहून छापतोस?” बाईंनी विचारलं होतं.

“लोकायले अक्षर वाचता येत नाही, माय. चेहरा वाचता येते.”

बरोबर होतं त्याचं. आठ-दहा वर्षांत तुमसरला कारखाना उभा राहिला, ट्रक आले, गोंदिया-बालाघाटकडे माल जाऊ लागला. बाई सातवीला एका मोठ्या कारखानदारावरचा धडा शिकवत. गरीब मुलगा, चिकाटी, सचोटी, आणि शेवटी धुराडं. एकदा एका मुलीने विचारलं, “बाई, मंग पुढं काय झालं?” बाई म्हणाल्या, “पुढे काही नाही. धडा संपला.” घरी येताना त्यांना वाटलं, कारखाना उभा राहिल्यावर त्या माणसाच्या ताटाजवळ कोण बसलं, हे कोणीच लिहीत नाही.

चेहरा खपू लागला तसे नकली कट्टेही निघाले. तोच फेटा, तशीच मिशी, खाली माणूस कोणी दुसराच. तुलारामने वकील करून पाहिला, मग स्वतःच बाजारोबाजार फिरू लागला. आपला कट्टा गालाजवळ धरून पानठेल्यासमोर उभा राही आणि म्हणे, “चेहरा मिळवून पाहा.” नाकाडोंगरीला खाणीतून सुटलेल्या मजुरांनी त्याला घेरलं.

“फेटा कुठं हाये, शेठ?”

“फेटा स्टुडिओवाल्याचा होता. मिशी माही हाये!”

हशा पिकला आणि माल संपला. तेव्हापासून मिशी त्याची राहिली नाही, कंपनीची झाली. दर आठवड्याला न्हावी येऊन ती लेबलाबरहुकूम कातरून जाई.

त्र्याऐंशीच्या दिवाळीला थोडे दिवस उरले असताना कृष्णराव शेतातच गेले. उन्हात बसले ते उठलेच नाहीत. दहाव्याला सानगडीच्या तलावाच्या पाळीवर भाऊबंद जमले. न्हाव्याने तुलारामचं डोकं केलं आणि वस्तरा ओठावर आणला. तुलारामने त्याचा हात धरला.

“तेवढी राहू द्या.”

न्हावी थांबला. कृष्णरावांचे थोरले भाऊ केशवराव पुढे आले. “काहून राहू दे?”

“मोठे बाबा, दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया लागतीन. नकलीवाले टपून बसले हायेत. मी असा गेलो, तर मलेच नकली म्हणतीन. हजार बायांचं काम हाये माह्यावर.”

तो खोटं बोलत नव्हता. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा; त्या दिवसांत पोत्यांनी बिडी खपते, आणि त्या चार आठवड्यांवर बायांचं वर्ष चालतं. पण पाळीवर हे कोण ऐकणार?

“वा!” केशवराव म्हणाले. “बापाले डोकं, आन् बिडीले मिशी!”

कोणी तरी मागे हसलं. त्या हसण्याने सगळं संपलं. तुलाराम पिंडाला हात जोडून उठला, बायांच्या घोळक्यात बसलेल्या आईकडे एकदा पाहिलं आणि ओल्या धोतरानेच गाडीत जाऊन बसला. तेराव्याला आला नाही. वर्षश्राद्धाला आला नाही. मंडईत मात्र त्याला लोकांनी पाहिलं, मुंडलेल्या डोक्यावर टोपी, हातात कट्टा. सानगडीतली पोरं केशवरावांचं ते वाक्य गाण्यासारखं म्हणत फिरली.

बाईंनी दोन पत्रं लिहिली. उत्तर म्हणून बाबुलाल आला, तुलारामचा जुना विक्रीवाला. तो दर महिन्याला येई, धान-तेल पोचवी, ‘शेठजी मजेत हायेत’ म्हणे आणि चहा पिऊन जाई.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो आला तो रिकाम्या हाताने. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या. जंगलात तेंदूपानाची तोडणी जोरात होती, आणि असल्या दिवसांत बाबुलालला दोन घटका बसायला फुरसत कशी, याचंच बाईंना नवल वाटलं. तो पायरीवर बसला.

“बाई, शेठजीनं कंपनी विकली.”

“कोणाले?”

“बाहेरच्या पार्टीले. कारखाना, ट्रक, नाव, लेबल, सारं. बायायचं काम चालू राहीन, असं कबूल करून घेतलं त्यायच्याकडून. बाकी काही अडवून धरलं नाही.”

“आणि लेबलावरचा फोटो?”

“तोही गेला त्यातच. मी म्हटलं, शेठजी, तोंड कायले विकता? तर म्हणाले, बाबुलाल, मी किती दिवस याच्यासारखा दिसत राहू?”

बाईंनी हातातलं धान पाखडायचं सूप खाली ठेवलं.

“दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तर मिशी साफ. कोणाले बलावलं नाही, आपल्याच हातानं काढली. ओठ कापला होता. मले म्हणाले, चाल, बिडी पिऊ. आयुष्यात कधी पेले नाहीत! पानठेल्यावर गेलो. ठेलेवाला तुलाराम बिडीवरच गिऱ्हाईक बांधून बसलेला. तो शेठजीकडं पाहून म्हणते, ‘बोला भाऊ, कोनती देऊ?’” बाबुलाल हसायला गेला, पण ते जमलं नाही. “शेठजीनं आपलाच कट्टा मांगितला, पैसे देले आन् तिथंच बाकावर बसून राहिले. पेटवलीही नाही. दुपार झाली तरी उठत नव्हते.”

“आता कुठं आहे तो?”

“खोलीतच. महिना अखेरपर्यंत खोली हाये. मी डबा नेतो. कधी उघडते, कधी तसाच परत येते.”

“मला कळवायचं होतं ना, बाबुलाल.”

“शेठजी म्हणाले, मायले सांगू नोको. माय बलावीन, आन् मले जाता येनार नाही.”

बाबुलाल गेल्यावर बाईंनी सूप उचलून आत ठेवलं. बोलावलं तर येणार नाही, हे त्यांनाही पटत होतं. सानगडी काय, साकोली काय, इथला जो तो आधी त्याच्या ओठाकडे पाहील आणि मग रामराम घालील. केशवराव म्हणतील, उशिरा का होईना, काढली मिशी. त्याला इथे आणणं म्हणजे पुन्हा त्या पाळीवर बसवणं. पण येता येत नाही म्हणणाऱ्याला भेटीला कोणी येऊ नये, असं कुठे आहे?

त्यांनी चप्पल घातली आणि पोस्टात गेल्या. काउंटरमागे भैय्याजी पंखा हलवत बसले होते. त्यांची दोन्ही मुलं बाईंच्या हाताखालून गेलेली.

“तुमसरचा ट्रंक कॉल लावायचा आहे.”

भैय्याजी चटकन सरळ बसले. “कोन गेलं, बाई?”

“कोणी नाही.”

“मंग साधा लावतो. संध्याकाळपर्यंत लागून जाईन.”

“साधा नको. अर्जंट लावा.” बाईंनी गोदामाचा नंबर सांगितला. “आणि नुसता नंबर नको, माणसाच्या नावानं लावा. तुलाराम म्हणा, शेठ म्हणू नका.”

“निरोप काय द्याचा? म्हणजे, ते नसले तर?”

“असेल तो,” बाई म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. “मीच बोलते. उद्याच्या पहिल्या गाडीनं मी त्याच्याकडं राहाले चालले आहे, एवढंच सांगायचं आहे.”