विकलेला पाळणा

लाकडाच्या पॉलिशचा वास आला की मला माझी एका दिवसाची दुकानदारी आठवते. लोंढ्याला बदली झाली तेव्हा बेळगावच्या घराच्या कट्ट्यावर जुनं सामान मांडून, खडेबाजारातल्या व्यापाऱ्यासारखा ओरडत मी दुपारपर्यंत सगळं विकलं. बायकोनं हौसेनं करून घेतलेला सागवानी पाळणासुद्धा जवळच्या काकती गावातल्या एका गड्याला दिला. लग्नाला नऊ वर्षं होऊनही तो रिकामाच होता. बायको बाजारातून आली. "पाळणा इकलासा? अवो, पाळणा कुणी इकतंय व्हय?" एवढंच बोलून ती उंबऱ्यावर बसली. मी सायकल हाणत काकती गाठली. पाळण्यात तान्हं झोपलं होतं. "या अण्णा, द्या एक झोका," तिथली म्हातारी म्हणाली. दिला. घरी येऊन सांगितलं, "त्याचं घरच घावलं न्हाय." यांना साधा पत्ता शोधता येत नाही, असं बायको आजही चारचौघांत सांगते आणि मी मान डोलावतो.