व्हिडिओचा मालक म्हशीने ठरवला

तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझ्या नोकरीतली सर्वांत चोख साक्ष एका म्हशीने दिली. हसू नका. ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं.

कोल्हापूरला लागून असलेल्या आमच्या पोलीस ठाण्यात नेटवरचा एक चॅनेलवाला तक्रार घेऊन आला. डोक्यावर गॉगल, हातात दोन मोबाइल.

"साहेब, माझ्या व्हिडिओवर एक बाई हक्क सांगतीया. तिचा मी नेटवरनं काढाय लावला, तर मलाच चोर म्हणतीया. कॉपीराइट माझा हाय!"

व्हिडिओ दिवाळी पाडव्याचा होता. त्या दिवशी आमच्याकडे म्हशी सजवून पळवतात. मालकाची हाक आली की म्हैस गर्दीतून धावत सुटते. यातही मोरपिसं लावलेली एक म्हैस थेट कॅमेऱ्याकडे धावत येत होती. शूटिंग करणाराच हाक मारत होता. तो दिसत नव्हता, नुसता आवाज: "ये चंद्रेऽ, ये गं बाय!" कोपऱ्यात याच्या चॅनेलचा लोगो.

बाईला बोलावलं. उचगावात दूध घालणारी, पन्नाशीची.

"साहेब, ह्यो माझ्या मालकांचा आवाज हाय. पाडव्यानंतर वारले. त्यांचा मोबाइल हिरीत पडला. नेटवर टाकलेला तेवढाच ऱ्हायलता, त्यो बी ह्यानं काढाय लावला."

चॅनेलवाल्याला समोर बसवलं.

"शूटिंग कुणाचं?"

"माझंच."

"हाक?"

"माझीच की."

"मूळ फाइल?"

"डिलीट झाली."

प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं की समजावं, पाठांतर झालंय. पण पुरावा कुठला? तेव्हा आमचा हवालदार कानाशी लागला. त्याच्या घरी चार म्हशी. "साहेब, म्हस हाक इसरत न्हाय. आणू की तिला."

दुसऱ्या दिवशी ठाण्याचं आवार भरलं. पंच हजर, कागद तयार, मुख्य साक्षीदार रवंथ करत उभी.

"हां, मार हाक," मी म्हणालो.

त्यानं घसा खरवडून तीनदा मारली. चंद्रानं पाठ फिरवली आणि शेण टाकलं. आवार हसलं.

मग त्याच्याच चॅनेलवरचा व्हिडिओ मी जीपच्या भोंग्यातून लावला. पहिल्या "चंद्रेऽ"ला तिनं मान उचलली, हंबरली, हवालदाराच्या हातातला कासरा हिसडून जीपपाशी आली. भोंगा हुंगला. जीपमागे जाऊन बघून आली. पुन्हा हुंगला. बाईनं तोंडाला पदर लावला. आता कुणी हसत नव्हतं.

"नेटवर आलं की ते सगळ्यांचंच असतंय, साहेब," चॅनेलवाला पुटपुटला.

माझा तोल गेला. "सगळ्यांचं असतंय, तर या बाईचं तेवढं कसं न्हवतं रे?"

शूटिंग करणारा गेला की हक्क वारसाकडे जातो, हे त्याला माझ्या आवाजात समजावलं. जीपच्या भोंग्याची गरज पडली नाही. त्यानं कबुली दिली, दावा मागे घेतला, बाईचा व्हिडिओ परत लागला.

दुसऱ्याचा व्हिडिओ बघावा, त्यातला तुकडा कुणाचा ते सांगून दाखवावा, त्यावर खुशाल बोलावं. पण अख्खा उचलून वर आपलं नाव डकवायचं आणि घरधन्यालाच बाहेर काढायचं, हा दरोडा आहे. खिशात हात घालताना पाकीटमाराचा हात थरथरतो. डाउनलोड दाबताना कुणाचाच थरथरत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

याचाही थरथरला नव्हता. जबाबावर सही करताना, चंद्रा अजून भोंगा चाटत असताना, पठ्ठ्या बोललाच:

"पण साहेब, लोगो तर माझाच हाय की!"