कडीवरचा शेंदूर

कुमुदताई गेल्याचा फोन त्यांच्या पुतण्याने केला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. "लीलामावशी, आत्या गेली... झोपेतच गेली," एवढंच तो बोलला. मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि दूध वर येताना, उतू जाताना, शेगडीभर पसरताना नुसती बघत उभी राहिले. मी रडकी बाई नाही. सगळा जन्म नर्स म्हणून गेला, माणसं जाताना पाहायची सवय झालेली. पण शेगडी पुसता पुसता जे भरून आलं ते काही केल्या आवरेना. नंतरच्या आठवड्यात डॉ. कुमुदताईंबद्दल इथं तिथं चार चांगले शब्द छापून आले. त्यागमूर्ती, सेवाव्रती, असंच बरंचसं. त्यांनी वाचलं असतं तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या असत्या, "कसली त्यागमूर्ती गं, मला भाकरीबरोबर ठेचा नसला तर मी कुणाशी धड बोलत नव्हते." ते खरंच होतं. म्हणून मी त्यागाबद्दल लिहीत नाही. मला एका दिव्याबद्दल सांगायचं आहे.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या संस्थेने तिसगावच्या पुढे, पाझर तलावाच्या कामावर फिरता दवाखाना पाठवला. फिरता दवाखाना हे नाव भारी, वस्तू मात्र एक पत्र्याचा डबा. दोन चाकांवरची लांबट खोली, पुढे लोखंडी दांडी, दांडीच्या टोकाला मनगटाएवढी जाड कडी. ही कडी जीपच्या मागच्या हुकात अडकवली की दवाखाना फिरायचा. पूर्वी कधीतरी रस्त्याच्या कामावरचे साहेब त्यात राहत असत म्हणे. आत एक टेबल, एक कपाट, दोन बाकं. रात्री आम्ही दोघी त्या बाकांवर झोपायचो आणि जीपचे ड्रायव्हर दगडूमामा बाहेर जीपमध्ये. कामावर सगळ्या तालुक्याच्या बायका माती वाहायला आलेल्या, त्यांतल्या कितीतरी पोटुशा. आठवा-नववा महिना भरलेल्या बायका घमेली उचलत होत्या. त्यांना घरी जा म्हणून सांगायची सोय नव्हती, कारण घरी चूल पेटण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा त्या डब्यात उजेडाच्या नावाने एक कंदील होता. पहिलंच बाळंतपण आम्ही त्या कंदिलावर केलं. टाका घालताना कुमुदताईंच्या स्वतःच्याच हाताची सावली जखमेवर पडत होती. दुसऱ्या दिवशी त्या जीपने नगरला गेल्या, त्या औषधं आणतील असं मला वाटलं. आल्या ते मोडीतल्या एका जीपचा हेडलाइट काखोटीला मारून. वायरचं भेंडोळं, फ्यूज, बटण आणि पक्कड पिशवीत. मोटारीची वायरिंग करणाऱ्या एका मेस्त्रीच्या दुकानासमोर स्टूल टाकून त्या दिवसभर बसल्या होत्या आणि त्याला प्रश्न विचारून बेजार करून आल्या होत्या. मग दोन दिवस डॉक्टरीणबाई पदर खोचून टेबलावर उभ्या राहून छताला भोकं पाडत होत्या आणि मी खाली उभी राहून स्क्रू देत होते. "ऑपरेशनची हत्यारं द्यायला शिकले होते मी, ही नाही," असं मी कुरकुरले, तर म्हणाल्या, "अगं, फरक काय? हेही शिवणंच आहे." जीपच्या बॅटरीतून एक वायर दवाखान्यात आली, त्या दिव्यापर्यंत पोचली. दिवा लागला तेव्हा टेबलावरचा प्रत्येक दोरा वेगळा दिसला. वीज यायला ती एक वायर पुरे, हे मला त्यांनी समजावलं. परत जायला वेगळी वायर लागत नाही, ती दवाखान्याच्या लोखंडातून, दांडीतून, कडीतून जीपकडे परत जाते. मोटारीत सगळीकडे असंच असतं म्हणे. बाळंतपण आलं की दगडूमामा जीप जोडत, इंजिन चालू ठेवत, आणि आमचा डबा दिवसासारखा उजळून निघे.

आता कडीची गोष्ट. कामावर गोदाबाई नावाची एक जाणती बाई होती. उंच, काटक, बोलायला फटकळ. तिची थोरली लेक आमच्या टेबलावर सुखरूप बाळंत झाली. पाचव्या दिवशी गोदाबाई हळदकुंकू, तेल आणि शेंदूर घेऊन हजर. पाचवीला सटवाई पुजायची, ती बाळाच्या कपाळी लिहून जाते. पण गावची सटवाई पार शिवेवर, आणि गाव राहिलं कोसभर मागे. जीप पाण्याच्या पिंपांसाठी गेलेली होती आणि दांडी एका दगडावर टेकवून ठेवली होती. ती गोल, जाड, काळी कडी बघून गोदाबाईला काय वाटलं कोण जाणे, तिने तीच तेलशेंदराने माखली आणि हात जोडले. मी धावत गेले. "अहो, हे काय?" तर म्हणाली, "सिस्टरबाई, हीच आमची सटवाई. हिच्याच दारात लेक सुटली माझी. आमी आनि कुटं जावं?" कुमुदताई दारात उभ्या राहून हसल्या. त्यानंतर जी जी बाळंत झाली, तिच्या पाचवीला कडीवर नवा शेंदूर चढत गेला. आतून बाहेरून थरावर थर. लांबून बघितलं तर दवाखान्याच्या पुढे खरंच देवी बसल्यासारखी वाटायची.

पुढच्या उन्हाळ्यात दिवा नखरे करू लागला. मध्येच मंद व्हायचा, कोणी पायरीवर चढलं की उजळायचा, पुन्हा विझू विझू व्हायचा. कुमुदताईंनी बल्ब बदलला, फ्यूज बदलला, बॅटरीची टोकं खरवडून लख्ख केली. एका लहानशा बल्बला दोन वायरी जोडून त्यांनी तपासायचं यंत्र केलं होतं. ते जिथं लावावं तिथं छान पेटायचं. "म्हणजे वीज येतेय," त्या पुटपुटायच्या, "मग मोठ्या दिव्याला काय धाड भरलीय?" जेवताना घास हातात धरून त्या छताकडे बघत बसायच्या. या दिव्याचा घोर त्यांना एवढा का, हे मला पुरतं कळत नव्हतं. ते हिराच्या बाळंतपणात कळलं.

हिरा ही गोदाबाईची धाकटी. भर दुपारी तिला आणलं. बाहेर वावटळ उठलेली, तलावाच्या खोदकामातली सगळी माती आभाळात. दार-खिडक्या घट्ट लावून घेतल्या तरी दातांखाली कचकच येत होती. मूल झालं, रडलं, वारही पडली, आणि मी सुटकेचा श्वास टाकणार तोच रक्त सुरू झालं. साधं नव्हे... टेबलावरून धार लागली. "आत फाटलंय. दिसलं पाहिजे, लीला, मला दिसलं पाहिजे," कुमुदताई म्हणाल्या, आणि त्याच क्षणी दिवा मंद होत होत नुसती लाल तार उरली. टॉर्च होती, पण तिचे सेल कधीच थकले होते; कंदील पेटवून धरायला कोणाचा हात मोकळा नव्हता. दार उघडलं असतं तर उजेडाआधी धुराळा आला असता. मी हिराच्या पोटावर मूठ दाबून धरली होती, ती सोडता येत नव्हती. हिराचा चेहरा पांढरा पडत चालला होता आणि कुमुदताईंची बोटं अंधारात ते फाटलेलं शोधत होती.

तेवढ्यात दिवा एकदम लख्ख झाला. दोन श्वास, आणि पुन्हा गेला. कुमुदताईंनी मान वर केली. हात होता तिथेच ठेवून त्या ओरडल्या, "मामा! आत्ता कुठे होता तुम्ही?"

"वायर बगाया दांडीवर टेकलो हुतो, बाई!" बाहेरून दगडूमामांचा आवाज आला.

"पुन्हा बसा! नाही, तुम्ही इंजिनपाशी राहा, रेस कमी होऊ देऊ नका. गोदाबाई, दांडीवर बसा! असतील तेवढ्या बायका दांडीवर बसवा. मी उठा म्हणेपर्यंत कुणीही उठायचं नाही!"

गोदाबाईने का म्हणून विचारलं नाही. आत तिची लेक रक्तात पडली होती आणि तिला सांगितलं होतं नुसतं बसायला. पत्र्यातून मला तिचा आवाज ऐकू आला, "बसा गं! कमळे, तू बी बस. हलाचं न्हाई!" दवाखाना पुढच्या अंगाला किंचित दबला. दिवा फडफडला, आणि मग असा लागला की जणू पहिल्यांदाच लागतोय. त्या उजेडात कुमुदताईंना ती फाटलेली जागा दिसली. मी पुष्कळ डॉक्टरांचे हात पाहिलेत. तसे हात मी पुन्हा पाहिले नाहीत. घाई म्हणून नाही, थरथर म्हणून नाही. एक टाका, दुसरा टाका, आणि धार बारीक होत होत थांबली. हिराने डोळे उघडून पाणी मागितलं. मी भिंतीला पाठ टेकून खाली बसले.

सलाइन लावून, बाळ पुसून, हात धुऊन आम्ही दार उघडलं तेव्हा वावटळ बसली होती. दांडीवर सहा-सात बायका दाटीवाटीने बसलेल्या. पदर तोंडावर ओढलेले, भुवया-पापण्यांवर माती, एकमेकींचे हात घट्ट धरलेले. एकही हलली नव्हती. "अहो, झालं केव्हाच! हिरा बरी आहे. बसलात काय?" मी म्हणाले. गोदाबाईच्या डोळ्यांतून मातीवर ओघळ उतरले, पण ती जागची उठली नाही. "बाई उठा म्हन्ल्या न्हाईत अजून," ती म्हणाली. कुमुदताई दारात आल्या. त्यांनी दांडीवरच्या एकेकीकडे बघितलं. मग हलकेच म्हणाल्या, "उठा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप सोडून त्या कडीपाशी उकिडव्या बसल्या, नखाने शेंदराचा एक कोपरा उकरून बघितला आणि मला बोलावलं. "हे बघ. तेलातला शेंदूर वाळला की रंगासारखा टणक होतो. लोखंडाला लोखंड लागतच नव्हतं. माझ्या लहान बल्बापुरती वाट मिळत होती. मोठ्या दिव्याला नाही. एकटी बाई जाईल एवढ्या फटीतून वरात कशी जायची?" बायका बसल्या तेव्हा त्यांच्या वजनाने कडी हुकात रुतली, शेंदूर चेपला, लोखंड भिडलं. मी म्हणजे संतापलेच. हिरा जाता जाता राहिली होती! मी गंज खरवडायचं पातं आणलं, शेंदूर काढायला सरसावले. कुमुदताईंनी माझं मनगट धरलं.

"गोदाबाईला कळलं, तर ती जन्मभर काय म्हणेल स्वतःला?" त्या म्हणाल्या. "आणि चूक तिची नाहीच. परत जायची वाट मी कडीच्या भरवशावर सोडली होती. ती माझी अर्धवट वायरिंग."

मग त्यांनी दिव्यापासून जीपपर्यंत दुसरी, काळी वायर ओढली. दांडीच्या खालून, कोणाच्या नजरेला येणार नाही अशी. कडीला आता विजेचं काही काम उरलं नाही. हिराच्या पाचवीला गोदाबाई ताट घेऊन आली तेव्हा शेंदराची वाटी कुमुदताईंनी स्वतः हातात धरली. "जरा जास्त लावा," त्या म्हणाल्या, आणि मला बघून एक डोळा बारीक केला. गोदाबाईला शेवटपर्यंत एवढंच माहीत राहिलं, की कडी सैल झाली होती आणि सटवाईने बायकांना बसवून लेक राखली. मी विचार करते, त्यात खोटं तरी काय होतं?

परवा मी संस्थेच्या नगरच्या आवारात गेले होते. मागच्या कुंपणाला तो डबा अजून उभा आहे. चाकं नाहीत, विटांवर टेकवलाय, पत्रा गंजलाय, आतला दिवा कधीच कोणी काढून नेला. कडी मात्र लाल आहे. वॉचमनची बायको म्हणाली, दवाखान्यात बाळंत झालेल्या कोणी ना कोणी येतात, लावून जातात. दांडीखाली हात घालून पाहिला तर काळी वायर होती, तारेने नीट बांधलेली, कुमुदताईंच्या गाठीची... मी दांडीवर टेकले. दुपार कलली, वॉचमनच्या बायकोने चहाला हाक मारली, मग रिक्षावाल्याने हॉर्न दिला. मला ऐकू येत होतं सगळं. पण उठा असं कुमुदताई अजून म्हणाल्या नव्हत्या.